उंदीर डुलक्या घेत होता आणि मी झटके मोजत होते

दरवर्षी निकाल लागले की दोन-चार फोन ठरलेले असतात. "मॅडम, एपिलेप्सीवर काम करायचंय, रॅट मॉडेल घेऊ का?" म्हणजे फिटचा आजार उंदरात उभा करून औषध तपासू का. फोनवर मी काय सांगते ते मलाच नंतर आठवत नाही, कारण फोन नेमका भाकऱ्या चालू असताना येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. एमईएस (करंट देऊन झटका), पीटीझेड, पायलोकार्पिन (ही दोन्ही रसायनं देऊन झटका) ही नावं तुमच्या ओळखीची आहेत, उंदीर न घाबरता धरता येतो आणि पोटात इंजेक्शन देता येतं, एवढं धरून चालते. येत नसेल तर आधी ते कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिका. वाचून येत नाही ते.

मी तासगावची. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. सांगलीत एम.फार्म. केलं आणि तिथेच पीएच.डी.ला नाव घातलं. उंदरांवर काम करणार म्हटल्यावर वडील म्हणाले, "त्याला सांगलीला कशाला जायला पायजे? शेडात ये की, लागतील तेवढी घिऊन जा." आईची काळजी वेगळी. गणपतीच्या गावात राहून त्याच्याच वाहनाला फिट आणायची, हे तिला अजूनही पटलेलं नाही.

वडिलांच्या बोलण्यातली गंमत प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा पहिला फॉर्म बी भरताना कळली. शेडात रॅकखाली औषध ठेवलं की सकाळी किती मेले याचा हिशेब कुणी विचारत नाही. मला मात्र एकेका उंदराचं कारण लिहून द्यावं लागत होतं. तेव्हा सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए म्हणतात, पण मुळात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी ती समिती, १९९८ चे नियम आणि आपल्या संस्थेची एथिक्स कमिटी. याला कटकट समजू नका. कमिटीत एक सभासद विज्ञानाबाहेरचाही असतो आणि सगळ्यात अवघड प्रश्न तोच विचारतो. मला विचारलं होतं, "एवढेच उंदीर का? कमी का नाहीत, जास्त का नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सिनिअरच्या थिसिसमधून 'एका गटात ६' उचललं होतं. तुम्ही तसं करू नका, आणि हातचं राखून मागा. पायलोकार्पिनमध्ये काही उंदीर स्टेटसमध्येच (न थांबणाऱ्या झटक्यात) मरतात, काहींना स्टेटस येतच नाही, काहींच्या डोक्यावर वायरी धरायला थापलेलं सिमेंट निघतं. हे कमिटीला आधी सांगितलं तर लोक समजून घेतात. मागाहून 'अजून १० पाहिजेत' म्हटलं की भुवया वर जातात.

मॉडेल निवडण्याबद्दल थोडक्यात, कारण ते सगळीकडे मिळतं. एमईएसमध्ये मागच्या पायांचं ताठ होणं बघायचं, पीटीझेडमध्ये क्लोनस (अंगाचे लयबद्ध हिसके) बघायचा. फेनिटॉइन हे फिटचं औषध पहिल्यात चालतं. इथोसक्सिमाइड हे दुसरं औषध पहिल्यात फेल आणि दुसऱ्यात पास. आणि लेव्हेटिरॅसिटाम, जे आज कुठल्याही न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीत दिसतं, ते या दोन्ही नेहमीच्या परीक्षांत नापास झालं होतं. किंडलिंग केलेल्या (पुन्हा पुन्हा थोडा करंट देऊन मेंदूला झटक्याची सवय लावलेल्या) उंदरांत त्याचा गुण दिसला. म्हणून माझं मत असं, की फक्त एमईएस आणि पीटीझेड करून 'अमुक पानांचा अर्क अपस्मारावर गुणकारी' असा थिसिस लिहायचा असेल तर लिहा, डिग्री मिळेल. पण एपिलेप्सीवर काम केलं असं म्हणू नका. एकदा करंट दिल्यावर कुठल्याही मेंदूला झटका येतो. एपिलेप्सी म्हणजे झटका आपला आपण येणं.

हे मी फार तावातावाने सांगतेय, कारण मीही तेच केलं होतं. अर्क कशाचा? हळदीचा. सांगलीत बसून दुसरं काय सुचणार! मार्केट यार्डावरून गेलं तरी नाकात हळद जाते. कुर्क्युमिन तोंडावाटे दिलं तर रक्तात फारच थोडं पोचतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पण त्याआधी एक साधी गोष्ट कळायला हवी होती. हळद दिलेला उंदीर ओळखू येतो. मिशांच्या मुळाशी पिवळं, पुढच्या पंजांवर पिवळं, पिंजऱ्यातल्या भुशावर पिवळं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'निरीक्षकाला गट माहीत नव्हता'. आंधळ्यालाही कळलं असतं. पुढे इन्फ्रारेड कॅमेरा घेतला तेव्हा हा घोळ आपोआप मिटला, कारण त्या चित्रात सगळंच करडं दिसतं. रंगीत औषधावर काम करणार असाल तर ही युक्ती फुकटात घ्या.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटा, नोंदवायला उंदराच्या कवटीत स्क्रू बसवावे लागतात. त्या शस्त्रक्रियेची भीती सगळ्यांना असते, आणि खरं सांगायचं तर ती लवकर जाते. केटामिन-झायलाझिन दिलं, डोळ्यांत मलम घातलं, खाली गरम पॅड ठेवलं की उंदीर तुमच्या ताब्यात. डोकं घट्ट धरणाऱ्या चौकटीचे कानातले बार बसवणं हीच खरी परीक्षा. दोन्ही बाजूंनी बरोबर बसले की बोटांना अगदी बारीक 'टक्' लागतं आणि डोकं डावी-उजवीकडे हलत नाही. ते 'टक्' लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. घाई केली तर सगळी मापं चुकतात. कातडी बाजूला करून कवटीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा बोळा फिरवला की फेस येतो, आणि फेस पुसला की पांढऱ्या हाडावर शिवणी उमटतात. शिवणी जिथे मिळतात त्या दोन खुणा: पुढे ब्रेग्मा, मागे लॅम्डा. दोन्ही एका पातळीत आले पाहिजेत. ॲटलासमधले (उंदराच्या मेंदूच्या नकाशातले) आकडे साधारण २५० ते ३०० ग्रॅमच्या नराचे असतात. तुमचा उंदीर २०० ग्रॅमचा असेल तर आकडे तसेच्या तसे लावू नका.

स्क्रू मी चष्म्याच्या दुकानातून आणायचे. दुकानदाराला वाटायचं बाई सारखे चष्मे मोडते. स्क्रू हाडात पकडला पाहिजे आणि मेंदूच्या आवरणाला नुसता टेकला पाहिजे, आत घुसायला नको. शेवटचा पाव फेरा द्यायचा की नाही हे हातालाच कळतं, आणि पहिल्या पाच-सहा उंदरांत कळत नाही. माझे पहिले तीन वाया गेले. त्या रात्री जेवले नाही. तुमचेही जातील, आणि वाईट वाटेल. वाईट वाटणं बंद झालं तर मात्र हे काम सोडा, हे मी गंभीरपणे सांगते.

डेंटल सिमेंट दातांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पावडर आणि उग्र वासाचं पातळ. हाड कोरडं ठणठणीत असेल तरच ते धरतं, जरा ओल राहिली की आठवड्यात टोपी हातात. घट्ट होताना ते तापतं, म्हणून एकदम गोळा थापू नका, थर द्या. मग सहा-सात दिवस उंदराला निवांत राहू द्या. केटामिनच्या गुंगीतला ईईजी हा उंदराचा ईईजी नसतो.

आता ते मशीन. आमच्याकडे चार चॅनेलचं उंदरांचं सिस्टिम घ्यायला पैसे नव्हते. मिरजेतल्या एका हॉस्पिटलने बदललेलं माणसांचं जुनं ईईजी मशीन आम्हाला मिळालं. त्याच्यासोबत ते चालवणारे टेक्निशियन काकाही आले, बसवून द्यायला. बाहेरच्या विजेची गडबड अडवायला जाळीचा पिंजरा कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. तो म्हणाला, "मॅडम, ससं पाळणार काय?" अर्थिंगसाठी मागच्या आवारात खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा. एवढं करूनही रेकॉर्डिंगमधली घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पूर्ण गेली नाही. बटण दाबून नॉच फिल्टर (तेवढीच गुणगुण गाळणारा) लावायचा मोह होतो, पण त्याने गुणगुण नुसती लपते, तिचं मूळ तिथेच राहतं. आधी वायर शोधा, सैल स्क्रू शोधा. गंमत सांगू? माझ्याकडचं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग लोडशेडिंगमधलं आहे. अख्ख्या गल्लीची लाइट गेली, ट्यूब बंद, एसी बंद, मशीन आतल्या बॅटरीवर, आणि स्क्रीनवर अशी रेघ की फ्रेम करून लावावी. बॅटरी जेमतेम वीस मिनिटं चालायची, एवढंच.

त्या लोडशेडिंगनेच मला पुढे खड्ड्यात घातलं. म्हणजे लोडशेडिंगने नाही, माझ्या अकलेने. इथून पुढे सावकाश वाचा.

लिथियम-पायलोकार्पिन मॉडेल. आदल्या दिवशी लिथियम, दुसऱ्या दिवशी मेथिलस्कोपोलामिन (मेंदूबाहेरच्या अंगावरचा परिणाम रोखायला) देऊन पायलोकार्पिन. ठरलेल्या वेळेनंतर डायझेपाम देऊन स्टेटस थांबवायचं, कातडीखाली सलाइन, भिजवून मऊ केलेलं खाद्य बोटाने भरवायचं. (जाता जाता: भारतातले जुने शोधनिबंध चाळले तर उंदरांच्या खाद्यापुढे 'अमृत, सांगली' असं खूपदा दिसेल. दिल्लीच्या पेपरात आपल्या गावाचं नाव बघून मला उगाचच बरं वाटायचं.) मग काही आठवड्यांची शांतता आणि त्यानंतर आपोआप येणारे झटके. माझा प्रश्न असा, की हळद दिली तर हे झटके कमी होतात का.

चारच पिंजरे होते. त्यामुळे मी ठरवलं, चारही पिंजऱ्यांत पायलोकार्पिनचेच उंदीर. नॉर्मल उंदरात काय बघायचंय? नॉर्मल सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येक नॉर्मल उंदराचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतलं, तेही वायर जोडल्या जोडल्या, आणि फाइल बंद केली.

पहिली बॅच, हळद नसलेली, फेब्रुवारीत. दुपारी १२ ते ४ रेकॉर्डिंग करायचे. मोठे झटके दिवसाआड एखादा दिसायचा, पण त्याशिवाय आणखी काहीतरी दिसायला लागलं. पाच-सहा सेकंदांचे झुबके. सेकंदाला सात-आठ टोकदार लाटा, एकसारख्या, कंगव्याच्या दातांसारख्या, मागच्या रेघेपेक्षा दुप्पट-तिप्पट उंच. एकदम सुरू आणि एकदम बंद. उंदीर तेव्हा काहीच करत नव्हता, नुसता बसलेला. मी हरखले. पुस्तकातलं स्पाइक-वेव्ह, एपिलेप्सीत दिसणारी टोक आणि लाटेची जोडी! मी त्यांना 'छोटे झटके' असं नाव दिलं आणि मोजायला लागले. तासाला वीसेक यायचे.

दुसरी बॅच, हळदीची, एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन लाइट नसायची. म्हणून रेकॉर्डिंग सकाळी घेतलं. साडेनऊला तोंडातून नळीने हळद द्यायची, लगेच वायर जोडायची, बारापर्यंत बघायचं. छोटे झटके तासाला सहा-सात. वीसावरून सातावर! मी रात्री होस्टेलच्या गच्चीवर जाऊन आईला फोन केला. डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये आलेख दाखवला, टाळ्या पडल्या. पोस्टरचा मजकूर तयार झाला.

मशीनचा एक चॅनेल गडबड करत होता म्हणून टेक्निशियन काका मिरजेहून आले. माणसांचे ईईजी काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. स्क्रीनवर माझा लाडका झुबका उघडाच होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जवळून पाहिलं.

"पेशंट जागा होता काय?"

"काका, उंदीर आहे तो."

"आसू दे की. जागा होता का झोपंत?"

मला माहीत नव्हतं. व्हिडिओ होता, पण मी तो फक्त मोठे झटके पडताळायला उघडायचे. पुढचे पाय हलतायत का, मागच्या पायांवर उभा राहून कोसळतोय का, झटक्याची तीव्रता मोजायच्या रॅसीनच्या पट्टीवर तीनच्या वर काही आहे का, बस्स. नुसता बसलेला उंदीर बघायचा कशाला?

काका म्हणाले, "आमच्यात पेशंटनं डोळं मिटलं की मागच्या बाजूला अल्फा येतो. आठ-नऊ-दहाचा. नवीन पोरं घाबरून फिट म्हणतात. नॉर्मलचा दाखव की." मी ती दहा मिनिटांची फाइल उघडली. त्यात उंदीर वायर ओढत पिंजरा हुंगत फिरतोय. काका काही बोलले नाहीत. चॅनेल दुरुस्त केला, चहा घेतला, गेले.

पुढच्या आठवड्यात मी दोन साधे उंदीर जोडले. पायलोकार्पिन नाही, हळद नाही, काहीच नाही. दुपारी लाइट होती तो दिवस निवडला आणि यावेळी स्क्रीनकडे पाठ करून पिंजऱ्यासमोर बसले. पहिला तासभर त्याने अंग चाटलं, दोन गोळ्या कुरतडल्या, कोपऱ्यात गेला. चारही पाय पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले, मान जराशी खाली. मग मिशा थरथरायला लागल्या. अगदी बारीक, पंख्याने हलतायत असं वाटावं इतक्या. पंखा बंद होता. मी मान वळवून स्क्रीन पाहिली. कंगवा. सात-आठच्या लाटा, टोकदार, उंच. मी नखाने पिंजऱ्यावर टकटक केलं. उंदराने डोळे उघडले आणि कंगवा तिथल्या तिथे तुटला.

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. ज्याला मी हळदीचा गुण समजत होते तो जागं असण्याचा गुण होता. सकाळी नळी घालून, उचलून, वायर लावून मी दुसऱ्या बॅचला दोन तास जागं ठेवत होते. पहिली बॅच दुपारी निवांत डुलक्या काढत होती. उंदीर निशाचर प्राणी आहे, दुपार ही त्याची मध्यरात्र, हे मला बारावीपासून ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि वेळापत्रकात येणं यात माझं सव्वा वर्ष गेलं.

यावर साहित्य नाही असं नाही, ते मी वाचलं नव्हतं. विस्टार, स्प्रॅग-डॉली, लाँग-इव्हान्स अशा नेहमीच्या धडधाकट उंदरांतही हे झुबके येतात आणि वयाबरोबर वाढतात. दुसरीकडे डब्ल्यूएजी-रिज आणि स्ट्रासबुर्गचे जीएईआरएस हे वाण ॲब्सेन्स एपिलेप्सीचे (काही सेकंद नुसतं भान हरपण्याच्या प्रकाराचे) म्हणूनच वापरतात, आणि त्यांच्या लाटाही सेकंदाला सात ते अकराच असतात. लहान मुलांच्या ॲब्सेन्समध्ये त्या तीन असतात. मग साध्या उंदरातले झुबके आजार म्हणायचे की डुलकीतला ताल? यावर मोठमोठ्या लोकांची भांडणं आहेत. इथोसक्सिमाइड दिलं की हेही थांबतात, त्यामुळे भांडण मिटत नाही. २०१९ मध्ये तर अमेरिकेतल्या एका गटाने बाहेरून पकडलेल्या रानटी उंदरांतही ते दाखवले. म्हणजे 'प्रयोगशाळेत वाढल्याने असं होतं' ही पळवाटही बंद. तुम्ही या भांडणात कुठल्याही बाजूला उभे राहा. पण डोक्याला मार देऊन, विष देऊन, औषध देऊन 'बघा, झटके आले' म्हणायच्या आधी, त्याच वयाचा, त्याच वाणाचा, तशीच टोपी बसवलेला साधा उंदीर तेवढेच तास, त्याच वेळी रेकॉर्ड केलेला तुमच्याकडे पाहिजे. चार पिंजरे असतील तर दोन त्याचे. हो, निम्मे. अर्धी क्षमता 'वाया' गेली असं गाइड म्हणतील. म्हणू द्या.

खरा झटका कसा ओळखायचा, असं लगेच विचाराल. तो बदलत जातो. सुरुवातीला बारीक आणि वेगवान, मग उंच, मग विरळ, आणि शेवटी रेघ काही काळ जवळजवळ सपाट पडते. सहसा अर्धं-एक मिनिट तरी चालतो. टकटक केल्याने थांबत नाही. कंगवा पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत सारखा असतो आणि संपल्यावर मागे काही ठेवत नाही. दुसरा सोंगाड्या म्हणजे चावणं. उंदीर खाद्याची गोळी कुरतडताना जबड्याच्या स्नायूंची अशी तालबद्ध लाट उमटते की भले भले फसतात. त्यासाठी मानेच्या स्नायूत एक वायर टाका, आणि व्हिडिओ. व्हिडिओचं घड्याळ आणि ईईजीचं घड्याळ रोज जुळवा. लाइट जाऊन आली की आमचा कॅमेरा मध्यरात्रीचे बारा दाखवत सुरू व्हायचा. मी शेवटी साधा उपाय केला: रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर हात धरून वायरला तीन टिचक्या. दोन्हीकडे तीन टिचक्या सापडल्या की वेळ जुळली.

आपोआप झटके मोजणारं सॉफ्टवेअर वापरू का, हा पुढचा फोन असतो. वापरा, पण आधी निदान शंभर तास डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअरला कंगवा आणि झटका सारखेच प्रिय असतात. फाइलींची नावंही दुसऱ्याकडून बदलून घ्या. आमच्या लॅबचा शिपाई फाइलींना फळांची नावं द्यायचा आणि यादी स्वतःच्या खिशात ठेवायचा. डाळिंब, सीताफळ, चिकू. मला यादी देताना त्याने दोनदा खात्री केली की मोजून झालंय. एवढी शिस्त मी फार थोड्या डॉक्टरेटवाल्यांत पाहिली आहे.

आता गाइडबद्दल. नाव घेत नाही. मी सगळं सांगितल्यावर उत्तर आलं, "छोटे झटके हा शब्द काढून 'स्पाइक-वेव्ह घटना' लिही. कोण बघतंय?" मी दोन दिवस खरंच विचार केला होता, हे लपवत नाही. फेलोशिप संपत आलेली, वडील विचारत होते अजून किती. मग तो भाग काढून टाकला आणि नोंदणी वाढवून घेतली. माझं पक्कं झालेलं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या: ज्याने स्वतः एक तरी रात्र उंदरांसमोर बसून काढलेली नाही, त्याला या विषयाचा गाइड करू नका, कितीही पेपर असोत. आणि ज्याला तुमच्या विषयाची पदवी नाही पण रोज तेच काम हातून जातं, त्याला चहा पाजा.

कंट्रोल (औषध न दिलेला, तुलनेचा गट) म्हटलं की मला व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची गोष्ट आठवते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ग्रेनोबलला काही नवी रसायनं झटक्यांवर तपासत होते. ती पाण्यात विरघळत नव्हती म्हणून व्हॅल्प्रोइक ॲसिडमध्ये विरघळवून दिली. बघतात तर जे देतील ते गुणकारी! मग लक्षात आलं, गुण रसायनांचा नाही, ज्यात विरघळवलं त्याचा आहे. १९६३ साली ते छापून आलं आणि आज ते जगभर वापरलं जातं. त्यांनी नुसतं द्रावक देऊन बघितलं नसतं तर? माझ्यासारखंच कुणीतरी टाळ्या घेऊन घरी गेलं असतं.

थोडं धीराचं बोलते, नाहीतर तुम्ही पळून जाल. सव्वा वर्ष गेलं, पण तेवढ्यात मी उंदराचा ईईजी वाचायला शिकले. नंतर २४ तासांचं रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा हे उपयोगी पडलं. तुम्हीही चोवीस तासच करा. या मॉडेलमधले मोठे झटके घोळक्याने येतात. तीन दिवस काही नाही, मग एका दिवसात पाच-सहा. त्यातही उजेडाच्या वेळी जास्त. दोन दिवस बघून 'औषध लागू पडलं' म्हणणं म्हणजे रविवारी दुकान बंद बघून धंदा बुडाला म्हणणं. माझे अंतिम निकाल हळदीच्या बाजूने नव्हते. तरी थिसिस पास झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ साध्या उंदरांच्या त्या पानांवर घालवला.

उंदरावर आणखी कशाकशाचा प्रभाव पडतो ते पटकन सांगते. आवाज: उंदीर आपल्याला ऐकू न येणारं ऐकतो, त्यामुळे जुन्या चोकची शिट्टी आपल्याला शांतता वाटते आणि त्याला वाटत नाही. गणेशोत्सवात डीजे रस्त्यावरून गेला त्या दहा दिवसांचा डेटा मी वापरला नाही. उजेड: बारा तास दिवा, बारा तास अंधार. टायमर बॅटरीचा घ्या, नाहीतर लाइट गेली की उंदरांचा दिवस पुढे सरकतो. माणूस: २०१४ मध्ये कॅनडातल्या एका गटाने दाखवलं की पुरुषाच्या वासानेही उंदरांवर ताण येतो. आमचा शिपाई हे ऐकून आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मादी: चार-पाच दिवसांचं चक्र असतं म्हणून सगळे नर घेतात. ही सोय आहे, शास्त्र नाही. बायकांनाही फिट येतातच की.

नोकरीचं विचाराल तर औषध कंपन्यांसाठी प्राण्यांवर चाचण्या करणाऱ्या संस्थांत ईईजी वाचता येणारी माणसं कमीच असतात. पगार सुरुवातीला कमी वाटेल. हात बसलेला असेल तर टिकाल.

गेल्या उन्हाळ्यात तासगावला गेले होते. रात्री जेवून वडिलांबरोबर शेडात गेले, रॅकवर बेदाणा पसरलेला. टॉर्च फिरवली तर खालच्या रॅकच्या कडेला एक उंदीर बसलेला, पाय पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले. वडिलांनी काठी उचलली. मी त्यांचा हात धरला.

"काय बघतीस? मार की!"

"थांबा जरा. मिशा बघते."

वडिलांनी सुस्कारा टाकला, तेवढ्या आवाजाने तो जागा झाला आणि भिंतीच्या भोकातून गेला.